साहेबांचा आदेश आणि त्यामागचं कलम

१९४८ साली नागपूरच्या विधानसभेत बिड्यांविषयी एक कायदा झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. ऐन हंगामात शेतीला मजूर मिळत नाहीत, कारण गावोगाव माणसं घरी बसून बिड्या वळतात, अशी तक्रार होती. म्हणून कायद्याने डेप्युटी कमिशनरला, म्हणजे तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्याला, अधिकार दिला. त्याने गावांची यादी काढायची, हंगामाच्या तारखा ठरवायच्या आणि त्या काळात त्या गावांत राहणाऱ्या कोणीही बिडी वळू नये, असा हुकूम काढायचा. जून १९५० मध्ये सागरच्या डेप्युटी कमिशनरने तसा हुकूम काढला. एक बिडी कारखानदार आणि बिड्या वळणारा एक कामगार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर १९५० रोजी निकाल लागला आणि ती बंदी रद्द झाली. घटना लागू होऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं.

गोंदिया-भंडाऱ्यात आजही ज्यांच्या घरी सुपात तेंदूपानं आणि तंबाखू घेऊन बाया बसतात, त्यांनी हा ‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ खटला जरूर समजून घ्यावा. सरकारने नागरिकाच्या कामधंद्यात कुठवर हात घालायचा, याची मोजपट्टी या निकालात मिळते. ती पुढे पंच्याहत्तर वर्षं देशभर वापरली गेली.

न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकाल लिहिला. सरकारचा हेतू वाईट आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू चांगलाच आहे. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की हेतू साधायला जेवढं लागतं तेवढंच सरकारने केलं, की त्याहून जास्त? बंदी गावातल्या प्रत्येकावर होती. ज्या म्हातारीला वावरात वाकणं होत नाही, तिच्यावरही. ज्याचा एक पाय गेला आहे, त्याच्यावरही. ज्याने आयुष्यात कधी निंदण-डवरणी केली नाही, त्याच्यावरही. यातला कोणीही बिडी सोडून शेतावर जाणार नव्हता. घरात येणारे चार पैसे मात्र बंद होणार होते. हंगामात शेतमजुरांना बिडीच्या कामावर लावू नका, किंवा बिडीच्या कामाचे तास ठरवून द्या, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं, असं न्यायालयाने सांगितलं.

घटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला कोणताही धंदा-व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदात लगेच पुढे, जनहितासाठी सरकार या हक्कावर वाजवी निर्बंध घालू शकतं, असंही लिहिलं आहे. सगळा वाद या ‘वाजवी’भोवती फिरतो. निर्बंध लहरीने घातलेला नसावा आणि गरजेहून जास्त नसावा, हा त्याचा अर्थ बिडीच्या खटल्याने लावला.

पण निर्बंध वाजवी आहे की नाही, हा नंतरचा प्रश्न. त्याआधी विचारायचं, की हा निर्बंध घालण्याचा अधिकार या माणसाकडे आला कुठून? जमीन घेताना आपण नुसत्या सातबाऱ्यावर भागवत नाही. फेरफार काढतो आणि नाव कुठून कुठे आलं ते मागे मागे पाहत जातो. सरकारी आदेशही असाच वाचायचा असतो. अधिकाऱ्याची सही कोणत्या आदेशाखाली, तो आदेश कोणत्या नियमाखाली, नियम कोणत्या कायद्याच्या कलमाखाली आणि तो कायदा करायचा अधिकार त्या विधिमंडळाला घटनेच्या कोणत्या नोंदीने दिला? यातली एक जरी कडी निघाली, तरी खालचं सगळं ढिलं होतं.

आपल्या कापसाच्याच बियाण्याचं उदाहरण घेऊ. शेती हा राज्याचा विषय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या विषयांच्या याद्यांत, राज्य सूचीतली १४ वी नोंद तशी आहे. मग बीटी बियाण्याच्या पाकिटाचा भाव दिल्लीतून कसा ठरतो? कारण समवर्ती सूचीतल्या ३३ व्या नोंदीत कापूस, रुई आणि सरकी यांचा व्यापार स्वतंत्रपणे लिहिला आहे. समवर्ती म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो आणि दोघांत विरोध आला तर एरवी केंद्राचा कायदा चालतो. त्या नोंदीच्या आधाराने १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा उभा आहे. त्याच्या कलम ३ खाली केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि त्या आदेशाखाली दरवर्षी अधिसूचना निघून कमाल भाव जाहीर होतो. बीजी-२ (बीटी कापसाचा नंतर आलेला दुसरा प्रकार) च्या पाकिटाला २०२४ च्या खरिपात तो ८६४ रुपये होता, २०२५ मध्ये ९०१. दुकानदाराने एक रुपया जास्त मागितला, तर तुमच्या हातात एवढी मोठी साखळी आहे.

ही साखळी मध्यंतरी तुटली होती. जीवनावश्यक वस्तू कायदा त्याच्या यादीत असलेल्या वस्तूंनाच लागतो. २००६ च्या दुरुस्तीने ती यादी आखूड केली आणि कापसाचं बियाणं यादीबाहेर राहिलं. अन्नधान्याचं बियाणं राहिलं, भाजीपाल्याचं राहिलं, ताग राहिला, कापूस गेला. तेव्हा आंध्र, गुजरात आणि महाराष्ट्र या कापसाच्या राज्यांना आपापले वेगळे कायदे करावे लागले. महाराष्ट्राने २००९ मध्ये केला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने कापसाचं बियाणं पुन्हा यादीत घातलं. शेतकऱ्याची गरज तीच, सरकार तेच, अधिकारीही तेच. यादीतली एक ओळ गेली आणि अधिकार गेला. सरकारचा अधिकार कशावर टेकलेला असतो, हे मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसलेलं नाही.

आता तालुक्याच्या गावात येऊ. जूनचा पहिला आठवडा, कृषी केंद्रापुढे गर्दी, आणि भरारी पथकाची जीप येऊन थांबते. आत गेलेल्या निरीक्षकाला काय काय करता येतं, हे १९६६ च्या बियाणे कायद्याच्या कलम १४ आणि १५ मध्ये लिहिलं आहे. तो नमुना घेऊ शकतो, पण आधी लेखी कळवून. नमुन्याचे तीन भाग व्हायला हवेत, तिन्हींवर सील: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून ठेवलेला. प्रयोगशाळेच्या निकालावर वाद झाला तर फेरतपासणीला आधार असावा, म्हणून ही तजवीज. दुकानदाराने मागितली तर घेतलेल्या बियाण्याची किंमतही निरीक्षकाने द्यायची असते. तो विक्री बंद आदेश देऊ शकतो, पण लेखी, आणि ३० दिवसांहून जास्त नाही. हंगाम उलटेपर्यंत ‘तोंडी बंद’ ठेवायला या कायद्यात जागा नाही.

बोगस बियाण्याने ज्याचं वावर वाया गेलं, त्याला हे वाचून राग येईल, की दुकानदाराला एवढं संरक्षण कशाला? पण नीट पाहिलं तर हे संरक्षण शेतकऱ्याचंही आहे. सील नीट नसलेला, तीन भाग न केलेला नमुना कोर्टात टिकत नाही आणि बोगस माल विकणारा त्याच फटीतून सुटतो. म्हणून पंचनामा होताना चार शेतकऱ्यांनी दुकानात उभं राहून सील पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

याच कायद्यातलं कलम २४ सोयाबीनवाल्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावं. स्वतः पिकवलेलं बियाणं आपल्या जागेवरून थेट दुसऱ्या शेतकऱ्याला पेरायला दिलं किंवा विकलं, तर हा कायदा लागत नाही. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याचं कलम ३९ तर आणखी पुढे जातं. संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकऱ्याला जपता येतं, पेरता येतं, देता-घेता येतं, विकता येतं. फक्त त्यावर ब्रँडचं नाव छापून विकता येत नाही. तेव्हा घरचं सोयाबीन चाळून, उगवणशक्ती पाहून शेजाऱ्याला दिलं म्हणून कोणी परवाना मागू लागलं, तर ही कलमं दाखवावीत.

मात्र एका कायद्यातली सूट दुसऱ्या कायद्यात चालत नाही. तणनाशक सहन करणारं एचटीबीटी, ज्याला गावात चोर बीटी म्हणतात, त्याचा प्रश्न बियाणे कायद्याचा कमी आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा जास्त आहे. त्या कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. त्यांनुसार बाहेरचं जनुक घातलेलं बियाणं केंद्राच्या समितीच्या मंजुरीशिवाय शेतात जाऊ शकत नाही. बीटी कापसाला ती मंजुरी मार्च २००२ मध्ये मिळाली, बीजी-२ ला २००६ मध्ये. एचटीबीटीला मिळालेली नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाच्या मजुरीने पिचलेल्या शेतकऱ्याची त्यामागची तळमळ खरी होती. पण इथे साखळी पूर्ण आहे: कायदा आहे, नियम आहेत, समिती आहे. हे धोरण शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न तेवढा उरतो आणि तो सहसा कोर्ट सोडवत नाही. सरकारला अधिकार आहे का, हे कोर्ट तपासतं. अधिकार नीट वापरला का, तेही तपासतं. त्याहून चांगला निर्णय घेता आला असता का, हे संसदेत, निवडणुकीत आणि रस्त्यावर ठरतं. पुष्कळ लोक हे दोन प्रश्न एकत्र करून कोर्टाची पायरी चढतात आणि पैसे घालवून परत येतात.

दारूचं प्रकरण आणखी वेगळं. मादक दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्कच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी घालता आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये घालून २०२१ मध्ये उठवताही आली.

गावात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, “भाऊ, मी काय करू, वरूनच ऑर्डर हाय.” या वाक्यावर मुंबईचा एक जुना खटला आहे. अंधेरीत सिनेमागृह बांधायला पोलीस कमिशनरने एका माणसाला परवानगी दिली होती. पुढे राज्य सरकारने सांगितल्यावरून ती रद्द केली. कायद्याने निर्णय घ्यायचा अधिकार कमिशनरला दिला होता, सरकारला नाही. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं बेकायदा ठरवलं. कायद्याने ज्या खुर्चीला विचार करून ठरवायला सांगितलं आहे, त्या खुर्चीने स्वतः विचार करायला हवा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही केली तर ती सही चालत नाही. निर्णय तहसीलदाराचा असेल, तर ‘वरून’ ही सबब तहसीलदारालाच अडचणीची आहे.

पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली: आदेश टिकतो की नाही, हे आदेशात लिहिलेल्या कारणांवरूनच पाहायचं. नंतर कोर्टात प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं जोडता येत नाहीत. म्हणून कारण न लिहिलेला आदेश हाती आला, तर तो तसाच जपून ठेवा. तो तुमचा पुरावा आहे.

मग जीआर म्हणजे काय? शासन निर्णयाचा कागद हातात घेऊन वाचा. वर विभागाचं नाव, मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या कागदांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ही शेवटची ओळ घटनेच्या अनुच्छेद १६६ मधून येते, कारण राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. पण ती ओळ असली म्हणून जीआर कायदा होत नाही. जीआरने सरकार अनुदान देऊ शकतं, योजना आखू शकतं, आपल्या कर्मचाऱ्यांना सूचना देऊ शकतं. तुमचा हक्क काढून घ्यायचा असेल, तर मागे कायदा लागतो. केरळात राष्ट्रगीत न गाणाऱ्या तीन भावंडांना शिक्षण खात्याच्या परिपत्रकांच्या आधारे शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परिपत्रकांना कायद्याचा आधार नाही म्हणून त्यांना परत घ्यायला लावलं. कायद्याखालच्या अधिसूचनेत मात्र ‘अमुक अधिनियमाच्या कलम अमुक अन्वये प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ असं वाक्य असतं आणि ती राजपत्रात छापली जाते. ते वाक्य कागदावर शोधा.

आपल्या विदर्भाने सरकारी नियमनाचं सगळ्यात मोठं रूप पाहिलं, ते कापूस एकाधिकार खरेदीत. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून योजना. कापूस पिकवणाऱ्याने तो सरकारच्या योजनेलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. बाजूच्या मध्य प्रदेशात किंवा आंध्रात भाव जास्त असला, तरी गाडी सीमेवर अडायची. रात्रीच्या वाटांनी आदिलाबादकडे, पांढुर्ण्याकडे कापूस जायचा, त्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. स्वतःच्या घामाचा माल विकणाऱ्याला तस्कर म्हटलं गेलं, ही जखम वऱ्हाडात पुष्कळांच्या मनात अजून आहे. बिड्यांची बंदी पडली आणि ही एवढी मोठी बंदी तीस वर्षं चालली, असं का? कारण १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९ मध्ये एक भर पडली: सरकार स्वतः एखादा धंदा हाती घेऊन नागरिकांना त्यातून पूर्ण किंवा थोडं बाहेर ठेवू शकतं. एकाधिकाराला घटनेतच वाट होती. ही योजना शेवटी मोडली ती तोट्याने आणि शेतकऱ्यांच्या रेट्याने. २००२ मध्ये खाजगी खरेदी खुली झाली.

अधिकाराला मर्यादा असली की सामान्य माणसाचं भलंच होतं, असंही नाही. २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, अंगात साधा सदरा, तोंडाला दुपट्टा. औषध पानावर पडावं तसं अंगावर पडत होतं. राज्य सरकारने यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. साठच का? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ मध्ये राज्याला तेवढीच मुभा होती, फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. म्हणजे ज्या सरकारच्या दवाखान्यात माणसं मरत होती, त्याला ते औषध कायमचं थांबवता येत नव्हतं. त्या यादीतल्या मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाबाबत केंद्राचा बंदी आदेश आला तो २०२३ मध्ये. सहा वर्षं. इथे माझं मत ठाम आहे: ज्याच्या अंगणात प्रेत येतं, त्या राज्याला विषावर पक्की बंदी घालण्याचा अधिकार कायद्यात असायला हवा.

आणि बांबू. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, म्हणून त्याच्या वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, वनविभागाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्याची मालकी वनहक्कधारकांची केली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी टीपी मिळेना. खातं आपल्या जुन्या नियमांवर बोट ठेवत राहिलं. ग्रामसभेने नव्या कायद्याच्या कलम ४ वर बोट ठेवलं. त्याची सुरुवातच अशी आहे, की इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क लागू होतील. संसदेने अशी सुरुवात केलेल्या कायद्यापुढे जुन्या कायद्याखालचे नियम मागे सरतात. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. गावाने मोर्च्याइतकाच अभ्यासावर भर दिला होता. कायद्याचं पुस्तक अभ्यासगटात ओळीओळीने वाचलं होतं.

तुमच्या हाती नोटीस किंवा आदेश आला, तर पहिलं काम म्हणजे त्यावर कायद्याचं नाव आणि कलम आहे का ते पाहणं. नसेल तर लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. म्हणणं मांडायला बोलावलं तर जाच, आणि लेखीच मांडा. परवाना रद्द करणारा, दंड करणारा आदेश तुमचं न ऐकता काढला असेल, तर तेवढ्यावरूनही तो पडू शकतो. आधी त्या कायद्यातच असलेलं अपील करायचं. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार त्यानंतर. अपिलाची वाट सोडून थेट गेलात तर बहुधा परत पाठवतात. आदेश ज्या दिवशी हाती पडला ती तारीख त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पाकीटही फेकू नका. अपिलाचे दिवस बहुतेक वेळा तिथून मोजले जातात.